‘जार्गन’ : एका दूषणाचा इतिहास

‘जार्गन’ हा इंग्रजी शब्द मराठी समीक्षेच्या व्यवहारात आता इतका रुळला आहे की त्याला मराठी पर्याय शोधण्याची गरज फारशी कुणाला भासत नाही. चर्चासत्रात निबंधवाचन संपते, मागच्या रांगेतून कुणी उठतो आणि ‘हे सगळे जार्गन झाले, मुद्दा काय?’ असे विचारतो. सभागृहात हशा पिकतो. निबंधकार ओशाळतो किंवा चिडतो. क्वचितच उत्तर देतो. कारण या प्रश्नाला उत्तर अपेक्षितच नसते. ‘संज्ञा’, ‘बोली’, ‘परिभाषा’ हे शब्द भाषेचे वर्णन करतात. ‘जार्गन’ निवाडा देतो. बोलणाऱ्याच्या तोंडून निघाले ते उच्चारण होते, पण भाषण नव्हते, असा तो निवाडा असतो. हा निवाडा देण्याचा अधिकार वेळोवेळी कुणी कुणावर गाजवला, याचा मागोवा घेतला तर शब्दाचे चरित्र दिसते आणि ते दिसते तितके निरुपद्रवी नाही.

या शब्दाचा उगम जुन्या फ्रेंचमधला. बाराव्या शतकापासून तो तेथे आढळतो आणि त्याचा आरंभीचा अर्थ पाखरांची किलबिल असा होता. घशातून निघणाऱ्या आवाजाचे अनुकरण करणाऱ्या एका ध्वनिमूलाशी त्याचे नाते जोडले जाते. गुळण्या करणे या अर्थाचे इंग्रजी ‘गार्गल’ आणि देवळांच्या पन्हाळींवरच्या विद्रूप मुखांचे नाव ‘गार्गॉइल’ ही त्याच गोतावळ्यातली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘मर्चंट्स टेल’मध्ये तो वापरला तो एका म्हाताऱ्या नवऱ्यासाठी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बिछान्यात बसून तो चेकाळलेला वृद्ध ठिपकेदार मॅगपाय पक्ष्यासारखा बडबडतो आहे, असे चॉसरने दाखवले आहे. शेजारी बसलेल्या तरुण पत्नीच्या मनात काय चालले असेल ते देवालाच ठाऊक, असेही निवेदक सुचवतो. म्हणजे इंग्रजीत हा शब्द आला तेव्हाच त्यात उपहास होता. पाखरांचा निखळ अर्थ पुढे मागे पडत गेला. १७९८मध्ये कोलरिजने ‘एन्शंट मरिनर’मध्ये त्याचे एक रूप पुन्हा पक्ष्यांच्या मधुर कूजनासाठी योजले, पण ते जाणूनबुजून जुने केलेले नाणे होते.

मराठीने पक्ष्यांच्या आवाजावरून माणसाच्या बोलण्याला दोन नावे दिली आणि त्यांतला भेद मोठा मार्मिक आहे. ‘किलबिल’ लहान मुलांची, वात्सल्याची. ‘पोपटपंची’ मात्र विद्यार्थ्यांची, आणि प्रसंगी त्यांच्या शिक्षकांची. पोपटपंचीत ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, बोलणाऱ्याला कळत नाही. ‘जार्गन’मध्ये नेमके उलटे गृहीत धरलेले असते: बोलणाऱ्याला अर्थ कळतो (निदान कळतो असा त्याचा दावा असतो), ऐकणाऱ्याला कळत नाही. एकात अज्ञान वक्त्याचे, दुसऱ्यात श्रोत्याचे. तरीही दोन्हीकडे दोषी ठरतो तो वक्ताच. आपल्याला न कळणे हा समोरच्याच्या बोलण्यातला दोष मानण्याची ही रीत केवळ युरोपीय नाही. ग्रीकांनी परभाषकांच्या ‘बर्‌बर्’ ध्वनीवरून ‘बार्बारोस’ घडवला, तर पाणिनीय धातुपाठाने ‘म्लेच्छ्’ या धातूचा अर्थच अस्फुट बोलणे असा दिला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी अशुद्ध उच्चारामुळे असुर पराभूत झाल्याची कथा सांगितली, ती व्याकरणाच्या अध्ययनाचे प्रयोजन म्हणून. उच्चार चुकला की युद्ध हरते, ही कल्पना व्याकरणकारांना सुखावणारी असणारच.

पाखरांकडून हा शब्द चोरांकडे गेला, आणि येथे त्याची कथा खरी गंभीर होते. १४५५मध्ये बर्गंडीतल्या दिजाँ शहरात ‘कोकीयार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळीची न्यायालयीन चौकशी झाली. बनावट नाणी, खोटे फासे, कुलुपे उघडण्याची हत्यारे असा टोळीचा उद्योग. त्या चौकशीच्या कागदांत टोळीच्या गुप्त शब्दांची यादी अर्थांसह नोंदवलेली आहे. ती मिळाली तोंडे उघडलेल्यांच्या जबान्यांतून. टोळीची ऊठबस ज्याच्या दुकानात होती तो न्हावी त्यांतला एक. हाच काळ फ्रांस्वा व्हियोंचा. त्याच्या नावावर याच चोरभाषेत रचलेली काही बॅलडे आहेत आणि १४८९च्या पॅरिसमधील मुद्रित आवृत्तीत ‘जार्गन’ या नावानेच ती छापली गेली. व्हियोंच्या अभ्यासकांना त्या कविता उलगडण्यासाठी दिजाँच्या त्या यादीचाच आधार घ्यावा लागला. कवितेचा अर्थ लावण्यासाठी फौजदारी कागद चाळावे लागावेत, हा योग साहित्याच्या इतिहासात विरळा. परंतु एकमेव नाही.

कारण गुप्त बोलीचा कोश न्यायसत्तेच्या हातून तयार होतो, ही घटना चार शतकांनी भारतातही घडली. १८३६मध्ये विल्यम स्लीमनने कलकत्त्यात ‘रामासीयाना’ प्रसिद्ध केला. ठगांच्या विशेष भाषेचा शब्दसंग्रह म्हणून ग्रंथाची ओळख करून दिलेली आहे आणि सामग्रीचा मुख्य स्रोत आहे माफीचे साक्षीदार. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर ही पद्धत प्रशासनात मुरली. १९०८मध्ये एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’विषयी जी टिपणे ग्रंथरूपाने काढली, त्यांत जमातवार वस्ती, पेहराव, चोरीची पद्धत यांच्या जोडीला त्या त्या जमातीच्या बोलण्याचेही कलम आहे. जोडे, हत्यारे आणि शब्द एकाच पंचनाम्यात मांडले जातात. अशा कोशात शब्दाला अर्थ असतो, पण वाक्य नसते. आई मुलाला हाक मारताना, सोयरीक जमताना, भाकरी वाटताना तो समाज काय बोलत होता याची तेथे नोंद नाही, कारण फौजदाराला त्याची गरज नव्हती.

याच्या शेजारी ‘नंदभाषा’ ठेवून पाहावी. मराठी मुलखातील दलाल आणि व्यापारी गिऱ्हाइकाच्या देखत भाव ठरवताना आकड्यांसाठी सांकेतिक शब्द वापरत. तीच ही नंदभाषा. गिऱ्हाइकाला कळू नये हाच तिचा उघड हेतू. तरीही तिच्याविषयी लिहिताना कुणाची लेखणी रागावलेली दिसत नाही. ती गमतीची, चातुर्याची गोष्ट ठरते. महानुभावांच्या सांकेतिक लिपींकडेही असेच धर्मरहस्य जपण्याची युक्ती म्हणून आदराने पाहिले जाते. गुप्तता तीच, पेढीवर बसलेल्याची ती खुबी आणि पालात राहणाऱ्याचे ते कारस्थान. ‘जार्गन’ हे नाव कुणाला चिकटते ते भाषेच्या स्वरूपावरून ठरत नाही, हे येथे पुरेसे स्पष्ट व्हावे.

चोरांकडून शब्द पंडितांकडे वळला तो सतराव्या शतकात. हॉब्जने १६५१च्या ‘लेव्हायथन’मध्ये मध्ययुगीन विद्यापीठांतील सत्तामीमांसेच्या शब्दावलीला ‘जार्गन’ म्हटले आणि पुढे लॉकने आपल्या ‘निबंधा’च्या तिसऱ्या भागात शब्दांच्या दुरुपयोगाची सविस्तर झडती घेतली. येथे शिवी खालून वर जाते आहे. विद्यापीठाबाहेरचा माणूस विद्यापीठाला विचारतो की तुमच्या शब्दांमागे वस्तू आहे काय. हा प्रश्न रास्त होता, आजही आहे. मागच्या रांगेतून उठणाऱ्या त्या प्रश्नकर्त्याचे कुळ हॉब्जचे. पण त्याला आपले दुसरे कुळ माहीत नसते.

ते दुसरे कुळ ईस्ट इंडिया कंपनीचे. बंगालच्या सैन्यातील जॉर्ज हॅडली याने १७७२मध्ये लंडनला हिंदुस्थानीचे व्याकरण प्रसिद्ध केले. इंग्रज तेव्हा त्या भाषेला ‘मूर्स’ म्हणत. या व्याकरणाच्या पुढच्या आवृत्तीचे शीर्षकच ‘हिंदुस्थानच्या जार्गनची चालू भ्रष्ट बोली’ अशा आशयाचे आहे. दूषणावर दूषण चढवलेले. भाषा तर नव्हेच, जार्गनचीही शुद्ध अवस्था नव्हे. या तुच्छतेला विरोध केला जॉन गिलख्रिस्टने. १८००मध्ये, म्हणजे फोर्ट विल्यम महाविद्यालय स्थापन झाले त्याच वर्षी, त्याने कलकत्त्यात हिंदुस्थानीचा जो प्रवेशग्रंथ काढला त्याला नाव दिले ‘अँटी-जार्गनिस्ट’. जार्गनविरोधी! एका भाषेला जार्गन म्हणू नका, तिला व्याकरण आहे, साहित्य आहे, असे सांगणारा हा ग्रंथ. गिलख्रिस्टचे ऋण हिंदी-उर्दूच्या इतिहासकारांनी मान्य केले आहे. परंतु त्याच्या पाठ्यपुस्तकांतले संवाद वाचताना वेगळेच जाणवते: त्यांतली बरीच वाक्ये आज्ञार्थी आहेत, साहेबाने नोकराला सांगायची. बर्नार्ड कोह्न यांनी १९८५मध्ये ‘सबाल्टर्न स्टडीज’च्या चौथ्या खंडातील प्रसिद्ध निबंधात आज्ञेची भाषा आणि भाषेवरील हुकमत यांचा जो संबंध उलगडला, त्यात या साऱ्या परंपरेची चिकित्सा आहे. जार्गनला भाषेचा दर्जा मिळाला तो तिच्यात हुकूम देणे सोयीचे व्हावे म्हणून. हुकूम नीट समजायचा तर नोकराच्या भाषेला व्याकरण असावे लागते.

सहसा कुणी आपल्या भाषेला जार्गन म्हणत नाही. याला एक थोर अपवाद आहे. पूर्व युरोपातील ज्यूंची यिडिश शतकभराहून अधिक काळ ‘जार्गन’ म्हणूनच ओळखली गेली. ज्ञानोदयाचा पुरस्कर्ता मोझेस मेंडेल्सझोन हा स्वतः ज्यू, पण सामान्य ज्यूंच्या नैतिक अवनतीशी त्याने या जार्गनचा संबंध जोडला. जर्मन शुद्ध, हिब्रू पवित्र, मधली ही घरातली भाषा मात्र भेसळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोलेम अलेखेमसारख्या लेखकांनी तोच शब्द उचलला आणि ‘आम्ही झार्गनमध्ये लिहितो’ असे ते सहजपणे म्हणू लागले. काही प्रेमाने, काही खट्याळपणे. १९०८च्या चेर्नोव्हित्स परिषदेने यिडिशला ज्यूंची ‘एक राष्ट्रीय भाषा’ म्हणून मान्यता दिली. ‘ती’ राष्ट्रीय भाषा नव्हे, ‘एक’ राष्ट्रीय भाषा. एवढ्या एका शब्दावर तेथे कडाक्याचे वाद झाले होते.

१८ फेब्रुवारी १९१२ रोजी प्रागच्या ज्यू नगरभवनात काफ्काने या भाषेविषयी एक छोटे भाषण केले. यित्झाक लोवी या नटमित्राच्या काव्यवाचनाच्या कार्यक्रमाचे ते प्रास्ताविक होते. समोर बसलेले श्रोते सुस्थित, जर्मनभाषक ज्यू. दोन पिढ्यांपूर्वी त्यांच्या घरांनी टाकून दिलेली भाषा आता व्यासपीठावरून ऐकू येणार होती. काफ्का त्यांना धीर देत नाही. तुम्हांला वाटते त्याहून कितीतरी अधिक जार्गन तुम्हांला कळते, असे तो आरंभीच सांगतो, आणि मग ओळखतो की सभागृहात कंटाळ्याहून भीती अधिक आहे. ही भाषा व्याकरणकारांच्या स्वाधीन होत नाही, कारण बोलणारे तिला क्षणभरही सोडत नाहीत. तिच्यात सारे शब्द परके आहेत आणि आत येऊनही ते आपली घाई सोडत नाहीत. जर्मनमध्ये तिचे भाषांतर करू गेले तर ती नाहीशी होते. हे सारे तो दोष म्हणून सांगत नाही. देल्यूझ आणि ग्वातारी यांनी १९७५च्या ग्रंथात ‘गौण साहित्या’ची संकल्पना मांडताना या भाषणाकडे लक्ष वेधले हे सर्वज्ञात आहे. परंतु त्यांच्या सिद्धांताने एक साधी गोष्ट झाकली जाते. काफ्काचा श्रोता जार्गन न कळणारा नाही. तो ती कळत असूनही न कळल्याचा बहाणा करणारा आहे. न कळण्यात त्याची प्रतिष्ठा गुंतलेली आहे. मराठी प्रमाणभाषेत शिकून मोठे झालेल्या आणि गावाकडच्या फोनला आवाज बदलून उत्तर देणाऱ्या कुणालाही ही भीती परकी नसावी.

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील चिनूक जार्गनची कथाही याच वळणाची. मूलनिवासींच्या भाषा, फ्रेंच आणि इंग्रजी यांतून घडलेल्या या व्यापारभाषेला बाहेरच्यांनी जार्गन म्हटले; बोलणारे तिला चिनूक वावा म्हणतात आणि ‘वावा’ म्हणजे केवळ बोलणे. ओरेगनमधील ग्रँड राँड समुदायात ती आज मुलांना शिकवली जाते.

आता ‘परिभाषा’ या शब्दाकडे वळता येईल, कारण ‘जार्गन’चे भाषांतर म्हणून पुष्कळदा तोच हाताशी येतो आणि त्यातून मोठा घोटाळा होतो. व्याकरणशास्त्रात परिभाषा म्हणजे सूत्रांचा अर्थ कसा लावावा हे सांगणारा नियम. एका जागी ठेवलेला दिवा ज्याप्रमाणे सबंध घर उजळतो त्याप्रमाणे एका स्थळी सांगितलेली परिभाषा सर्व शास्त्राला प्रकाश देते, अशी उपमा वैयाकरणांनी दिली आहे. नागेशभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’चे इंग्रजी भाषांतर कीलहॉर्न यांनी पुण्यात राहून सिद्ध केले, तेव्हा ही परंपरा मराठी विद्वत्तेला परकी नव्हती. याहून रंजक आहेत पाणिनीच्या संज्ञा: टि, घु, घ, भ. कानाला या निव्वळ चिवचिवाटच वाटतील, चॉसरच्या मॅगपायलाही शोभतील. पण प्रत्येकीची व्याख्या सूत्रात दिलेली आहे. शब्दातील अंत्य स्वरापासूनचा भाग तो टि. दा आणि धा या रूपांचे धातू ते घु. लौकिक भाषेतला एकही अर्थ त्यांना चिकटलेला नाही, म्हणूनच त्या फसवत नाहीत. जार्गन कानाला कसे लागते आणि जार्गन खरोखर काय असते या दोन गोष्टींत किती अंतर असू शकते, ते यावरून लक्षात येते.

ॲडॉर्नोने हेच उलट्या बाजूने दाखवले. १९६४च्या ‘अस्सलपणाचे जार्गन’ या ग्रंथात हायडेगर आणि त्याच्या अनुयायांवर त्याने जो हल्ला चढवला, तो त्यांच्या पारिभाषिक संज्ञांवर नाही. त्याचा रोख आहे साध्या, उदात्त, रोजच्या शब्दांवर: भेट, निष्ठा, हाक, अस्सल. या शब्दांभोवती तेजोवलय चढते, ऐकणाऱ्याला काहीतरी गहन घडल्याचा भास होतो आणि व्याख्येची मागणी करणे असभ्य वाटू लागते. त्याआधी, १९१३च्या केंब्रिजमधील व्याख्यानात क्विलर-कूच यांनीही अमूर्त नामे आणि कचेरीतला पाल्हाळ यांनाच जार्गन म्हटले होते. म्हणजे जाणत्यांनी बोट ठेवले ते व्याख्या नसलेल्या परिचित शब्दावर. चर्चासत्रातला हशा मात्र व्याख्या असलेल्या अपरिचित शब्दाला मिळतो. १९९८मध्ये ज्युडिथ बटलर यांच्या एका वाक्याला एका तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकाने वाईट लेखनाचे पारितोषिक दिले तेव्हाही हेच झाले. वाक्य लांब होते, अवघड होते. निरर्थक होते असे सिद्ध करण्याचे कष्ट फारसे कुणी घेतले नाहीत.

मराठी समीक्षेत ‘चिन्हक’, ‘संहिता’, ‘विरचना’ या शब्दांवर जार्गनचा शिक्का बसला. त्या शब्दांचा गैरवापर झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. अनेक प्रबंधांत ते दसऱ्याच्या तोरणासारखे टांगलेले दिसतात. पण ‘उत्कट अनुभूती’, ‘जीवनाचे सम्यक दर्शन’, ‘मातीचा गंध’, ‘सामाजिक भान’ यांना कुणी कधी जार्गन म्हटले काय? एखादी कादंबरी ‘अस्सल’ आहे असे लिहिले की परीक्षण पूर्ण होते. मर्ढेकरांनी ‘लय’ ही संज्ञा संवाद, विरोध आणि समतोल या नियमांनी बांधून दिली होती. ती पटो न पटो, तिच्याशी वाद घालता येत होता. पुढे ‘लय’ हा शब्द मोकळा सुटला, कवितेलाच नव्हे तर नेपथ्याला, पाककृतीला आणि नेत्याच्या भाषणालाही लागू पडू लागला, आणि त्याच्याशी वाद घालणे अशक्य झाले. नेमाड्यांच्या ‘देशी’चे काय होत आहे ते वाचक पाहतच आहेत. संज्ञेचे जार्गन होते ते अशा वेळी, सर्वांना ती कळू लागते तेव्हा.

विद्यापीठीय व्यवहारात हा प्रश्न निव्वळ शैलीचा राहत नाही. भटक्या-विमुक्त समाजातून आलेला विद्यार्थी प्रबंधात आपल्या घरातला शब्द वापरतो, तेव्हा त्याला कंसात अर्थ किंवा परिशिष्टात शब्दसूची द्यायला सांगितले जाते. त्याच प्रबंधातल्या ‘एपिफनी’ला कंस लागत नाही. मार्गदर्शकाचा हेतू वाईट नसतो. वाचकाची सोय तो पाहतो. पण वाचक कोण, हे त्याने ठरवून टाकलेले असते. १९७२मध्ये ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला तेव्हा विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली आणि त्यातल्या अनेक शब्दांचे अर्थ आपल्याला ठाऊक नव्हते, ते नामदेव ढसाळांना विचारावे लागले, हे तेथेच नोंदवले. त्याच वर्षी ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले होते आणि मराठी बोलण्याचा कान तेंडुलकरांइतका कुणाला होता? त्यांनी ढसाळांच्या शब्दांना जार्गन म्हटले नाही. अर्थ विचारायला ते स्वतः गेले.

आणि कैकाडी. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६मधील चौथ्या खंडात ती द्राविड कुळातील, तमिळशी नाते सांगणारी बोली म्हणून येते. दोन वर्षांनी केनेडीच्या पोलीसग्रंथात कैकाडी येतात ते गुन्हेगार म्हणून, आणि त्यांचे बोलणे त्या चौकशीचा एक भाग म्हणून. १९८०मध्ये लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त त्याच भाषेत माणसे गाढवे हाकतात, भांडतात, पोरांना जेवायला हाका मारतात. तीन पुस्तके तीन विभागांत ठेवलेली असतात: भाषाशास्त्र, पोलीस प्रशासन, मराठी साहित्य. ‘उपरा’वर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या दोन पुस्तकांची नावे वर्गात सांगितली जात नाहीत.